नसब जाणण्याचा हेतू

मुंब्रा-कौसा, राबोडी, भिवंडी आणि कल्याणच्या अनेक कोकणी मुस्लिम घरांत परदेशी गेलेल्या पूर्वजाची आठवण सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतील कितीतरी पुरुष रोजगारासाठी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनला गेले. १९१३ च्या तेथील इमिग्रेशन कायद्याने नव्या हिंदी लोकांना दार जवळजवळ बंद झाले. जे तिकडे राहिले त्यांचे वंश तिकडेच वाढले. केप टाउनमध्ये आजही ‘कोकणी’ म्हणून ओळखला जाणारा मुस्लिम समाज आहे.

वाचकहो, समजा, अशा एखाद्या घरात तलाकनंतर माहेरी परतलेली मुलगी जुनी पत्रे आणि परवाने काढून पणजोबांच्या वंशजांचा शोध घेऊ लागली. घरचे विचारतील, ‘आयुष्य सावरायचे सोडून हे काय आरंभले?’ हा शोध म्हणजे पलायन आहे की इबादत?

पवित्र कुरआन सांगतो की अल्लाहने मानवाला पाण्यापासून निर्माण केले आणि त्याला रक्ताची व विवाहाची अशी दोन नाती दिली (सूरह अल्-फुरकान : ५४). विवाहाचे नाते शरीअतच्या मार्गाने संपू शकते, रक्ताचे संपत नाही. म्हणून एक आधार सुटल्यावर माणसाने दुसऱ्याकडे वळणे स्वाभाविक आहे. तिर्मिजीतील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नातेसंबंध जोडता येतील इतके आपले नसब जाणून घेण्याची शिकवण दिली आहे. शोधाचा हेतू जोडणे हा असेल तर तो पुण्यकर्म आहे. मात्र ‘आमचे मूळ अरब’ असे मिरवण्यासाठी केलेला शोध अज्ञानकाळातील अहंकाराकडे नेतो. अल्लाहजवळ प्रतिष्ठेचा निकष तकवा हाच आहे (सूरह अल्-हुजुरात : १३).

हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांचे जीवन आठवा. बालपणी पळवून नेऊन त्यांना गुलाम म्हणून विकले गेले. पुढे वडील शोधत मक्केला आले, पण जैद (रजि.) यांनी प्रेषितांपाशीच राहणे पसंत केले. लोक त्यांना ‘जैद बिन मुहम्मद’ म्हणू लागले. तेव्हा मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारा, असा आदेश अवतरला (सूरह अल्-अहजाब : ५). त्यांचा आणि हजरत जैनब (रजि.) यांचा विवाह तलाकने संपला. त्यामुळे दोघांपैकी कोणाचीही प्रतिष्ठा घटली नाही. जैनब (रजि.) श्रद्धावंतांच्या माता झाल्या. जैद (रजि.) हिजरी ८ मध्ये मूता येथे सेनापती म्हणून शहीद झाले.

आता दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला माहेरच्यांसाठी आहे. समुद्रापलीकडच्या भाऊबंदांचे कौतुक करणाऱ्या घरात परतलेल्या मुलीला हक्काची जागा आहे का? की तिला पाहुणी मानून दुसऱ्या स्थळाची घाई चालली आहे? इब्ने माजामधील एका रिवायतीत, जिला दुसरा कमावणारा नाही अशा परतलेल्या मुलीवर केलेला खर्च श्रेष्ठ सदका म्हटला आहे.

दुसरा प्रश्न त्या भगिनीसाठी आणि तिच्या पूर्वीच्या सासरसाठी आहे. तिचे मूल मुंब्र्यात वाढत असेल आणि त्याचे दादा-दादी कल्याणला असतील, तर हे अंतर लोकलच्या काही स्थानकांचे आहे. राग म्हणून ते नाते तोडले, तर हेच मूल उद्या आपल्या पित्याच्या घराण्याचा असाच शोध घेत फिरेल. मुलाच्या कारणाने आईला किंवा पित्याला त्रास दिला जाऊ नये, असे कुरआन बजावतो (सूरह अल्-बकरा : २३३). जेथे खरोखर मारहाणीचे भय आहे तेथे संरक्षण आधी, हे उघड आहे. पण केवळ मानापमानासाठी मुलाचा हक्क बुडवू नये. तोडले गेल्यावरही जोडतो तोच खरा नाते जोडणारा, अशी बुखारीतील हदीसची शिकवण आहे.

भगिनींनो, केप टाउनला पत्र अवश्य लिहा. तेथून सलामचे उत्तर आले तर अल्लाहचे आभार माना. त्याच आठवड्यात मुलाला कल्याणच्या दादीला भेटवून आणा. अल्लाह आपणा सर्वांना नाती जोडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.