स्टेटसवर वचन, शास्त्रावर धूळ

बस इथे. मोबाईल पालथा नको घालूस, बंद कर.

परवा म्हणालास, "सर, हल्ली प्रार्थनेत मन लागत नाही." मन लागायला तू बसतोस कधी? रात्री अंथरुणात पडल्या पडल्या 'प्रभू, सगळ्यांना सांभाळ' एवढं पुटपुटायचं आणि आमेन म्हणायच्या आत घोरायला लागायचं. देखल्या देवा दंडवत! गेथशेमानेत पेत्राचाही डोळा लागला होता, पण तो बिचारा दुःखाने गळून गेला होता. तू रात्री एकपर्यंत टक्क जागा असतोस. कशासाठी, ते सांगू का तुझ्या आईला?

तुझं शास्त्र काल उघडून बघितलं. जानेवारीत मोठ्या झोकात उत्पत्ती सुरू केलंस, निर्गम रडतखडत ओलांडलंस. खुणेची फीत लेवीयच्या अकराव्या अध्यायात आहे. कुठला प्राणी खावा, कुठला खाऊ नये, तिथेच तुझी गाडी अडली. आता ऑगस्ट चालू आहे! स्टेटस मात्र रोज सकाळी सहाला हजर. उगवता सूर्य, गुलाबाचं फूल, खाली वचन. ते वचन कुठल्या पुस्तकातलं, कुणी कुणाला सांगितलं, असं विचारलं की साहेब छताकडे बघतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

वेळ नाही म्हणे. मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं. मोठ्याने वाचलंस तरी दोन तासांच्या आत संपतं. वीस षटकांची मॅच याहून लांबते, आणि ती तू टॉसपासून बघतोस. उपवासकाळात चाळीस दिवस मटण सोडलंस आणि मंडळीभर सांगत फिरलास. रील्स एक दिवस तरी सोडल्यास? कशा सोडशील? मटण सोडलेलं चारचौघांना दिसतं!

"पण सर, मी सेवेत असतो ना!" हे तुझं हुकमी पान. तरुण संघाचा सेक्रेटरी तू, कीबोर्ड तुझा, साउंड तुझं, नाताळचं नाटक तुझं. बेथानीतली मार्था तरी काय टवाळक्या करत होती? प्रभूच्याच पाहुणचारासाठी राबत होती. तरी बोलणी तिलाच बसली. आणि तू काय पंडिता रमाबाईंपेक्षा जास्त कामात आहेस? केडगावला दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली. त्यांचं खाणंपिणं, शिक्षण, आजारपणं, वर छापखाना. एवढ्या रगाड्यात बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अख्ख्या शास्त्राचं मराठी भाषांतर करायला बसल्या. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम सोडलं नाही. 1922च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या, त्या ते काम हातावेगळं करूनच. तुला कुणी भाषांतर करायला सांगितलंय का? आयतं छापलेलं वाचायचंय फक्त. त्यालाही सवड नाही!

आणि ते 'कोरडेपणा आलाय' वगैरे मला सांगू नकोस. कोरडेपणा भल्याभल्या संतांना आला. पण त्यांना तो गुडघ्यांवर असताना आला. तुला आलाय सोफ्यावर लोळताना. याला कोरडेपणा म्हणत नाहीत, आळस म्हणतात. आणि हे तुला चांगलं ठाऊक आहे. वेड पांघरून पेडगावला जाणं बंद कर.

ठाऊक नसतं, तर मी एवढा घसा कोरडा केला नसता. शब्बाथशाळेत होतास तेव्हा तूच विचारलं होतंस, "येशू देवाचा पुत्र, मग त्याला प्रार्थनेची काय गरज?" सगळा वर्ग हसला. मी हसलो नव्हतो. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं कधी सोडलंस?

मार्काचा पहिलाच अध्याय काढ. कफर्णहूमात संध्याकाळी सारं गाव दाराशी लोटलं होतं. दुखणेकरी, भूतबाधा झालेले, कोण नव्हतं? दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठला आणि एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन शोधत आला, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणाला. बघ, केवढी सेवा वाट बघत होती! तरी तो त्या गर्दीकडे फिरला नाही. आसपासच्या गावांकडे निघाला, कारण कशासाठी आलोय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला त्या एकांताची गरज पडली. आणि तुला पडत नाही? एवढा मोठा झालास तू?

तुला जो हाक मारेल त्याच्यामागे तू धावतोस. कीबोर्ड बोलावतो, ग्रुप बोलावतो, कमिटी बोलावते. ज्याच्या नावाने ही सगळी धावपळ, त्याला विचारतोस कधी, यातलं तुला काय हवंय म्हणून?

उद्यापासून पहाटे पाचला उठायचं. आधी मार्क, मग मोबाईल. आणि कीबोर्डच्या कपाटाची किल्ली ठेव इथे टेबलावर. महिनाभर मागायची नाही. वाजवायला दुसरं पोरगं मिळेल. तुझ्या वाटचे गुडघे कोण टेकणार?