निःशंक होऊन धंदा मांडणं

चांदवडच्या डोंगरात जैन लेणी आहेत. गावात 1928 साली सुरू झालेला नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम आहे. पहिलंवहिलं दुकान टाकताना पोटात गोळा येतो, त्या भीतीचं उत्तर या जैन परंपरेत शोधण्यासारखं आहे.

सम्यक दर्शनाच्या, म्हणजे खऱ्या श्रद्धेच्या, आठ अंगांतलं पहिलं अंग निःशंकता. कुंदकुंदाचार्यांचा ‘समयसार’ तिची सांगड थेट निर्भयतेशी घालतो: जो निःशंक, तो इहलोक, वेदना, मरण, आकस्मिक संकट अशा सातही भयांतून सुटलेला. ही निःशंकता आत्म्याविषयीची आहे, नफ्याची हमी नव्हे. दुकान बुडालं तरी माणूस बुडत नाही, हा धीर मात्र तिच्यातून मिळतो. भांडवल उभं करणाऱ्याला तो फार मोलाचा.

असा धीर धंद्यात कसा दिसतो, त्यासाठी उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच पाहा. बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. गिऱ्हाइकाच्या शंकेची लागण त्यांनी स्वतःला होऊ दिली नाही. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या ओसाड माळावर, निवडुंग उपटून, त्यांनी कारखाना पुन्हा उभा केला.