गुणफलक नसलेलं मैदान

खेळ सोडून कलेकडे वळलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण एक वाक्य अगदी सहज म्हणून टाकतो : मैदानावरची शिस्त पुढे कामी आली. अमेरिकन गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसनचं आयुष्य पाहिलं की हे वाक्य मला अपुरं वाटतं.

1936 साली टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलला जन्मलेला हा मुलगा कॅलिफोर्नियाच्या पोमोना कॉलेजात फुटबॉल आणि रग्बी खेळायचा, मुष्टियुद्धाच्या रिंगणातही उतरायचा. 1958 मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने त्याची दखल घेतली. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्ती, ऑक्सफर्ड, विल्यम ब्लेकच्या कवितांचा अभ्यास. मग सैन्य, हेलिकॉप्टर, कॅप्टनचा हुद्दा. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी साहित्य शिकवण्याची संधी समोर होती. ती सोडून 1965 मध्ये तो कंट्री गाणी लिहायला नॅशव्हिलला गेला. वडील हवाई दलात जनरल होते. मुलाचा निर्णय आईला इतका लागला की तिने पत्र लिहून त्याच्याशी नातं तोडलं.

तोवरच्या प्रत्येक टप्प्यावर त्याचा काही ना काही निकाल लागत आला होता : सामना, शिष्यवृत्ती, हुद्दा. खेळाडू कष्टांना डगमगत नाही, हरण्यालाही नाही, कारण हरल्याचं त्याला त्याच संध्याकाळी कळतं. नॅशव्हिलमध्ये तेवढंसुद्धा कळत नव्हतं. लिहिलेलं गाणं चांगलं आहे की नाही हे सांगणारा पंच तिथे नव्हता, आणि सामना संपल्याची शिट्टीही कुणी वाजवत नव्हतं. मला वाटतं, त्याची खरी कसोटी इथे लागली, आणि तिची तयारी कुठल्याही प्रशिक्षकाने करून घेतलेली नव्हती.

कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत तो झाडलोट करायचा. 1966 मध्ये बॉब डिलन तिथे ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’ ध्वनिमुद्रित करत होता, तेव्हा ऑक्सफर्डचा हा पदवीधर तिथल्या राखदाण्या रिकाम्या करत होता. मुलाच्या आजारपणाचा खर्च डोक्यावर होता, संसार मोडत होता. पैशांसाठी तो मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टर नेऊ लागला आणि मधल्या रिकाम्या वेळात तिथेच गाणी रचू लागला.

त्या गाण्यांमध्ये विजेता कुठे दिसत नाही. असते ती रविवारच्या सकाळी दारूच्या उतारात रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाची पोकळी, नाहीतर एका रात्रीपुरती सोबत मागणारी विनवणी. ज्याने इतकं जिंकलं त्याने हरलेल्यांचा आवाज इतका अचूक पकडावा, हे मला शिस्तीचं फळ वाटत नाही. निकालाशिवाय काढलेल्या वर्षांनी त्याला हे दिलं असावं. 1970 मध्ये जॉनी कॅशने गायलेल्या ‘संडे मॉर्निंग कमिंग डाउन’ला कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार मिळाला. ‘मी अँड बॉबी मगी’ जॅनिस जॉप्लिनच्या आवाजात 1971 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, पण तेव्हा जॉप्लिन हयात नव्हती.

अलीकडचा कंट्री गायक सॅम हंट याच वाटेवरचा. अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो क्वार्टरबॅक. व्यावसायिक फुटबॉलची चाचणी फळली नाही, तेव्हा 2008 मध्ये तोही नॅशव्हिलला आला. 2017 मध्ये त्याचं एक गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत 34 आठवडे अव्वल राहिलं. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूला मोजकेच हंगाम मिळतात, आणि बहुतेकांचा खेळ बाविशी-तेविशीत संपतो. इतक्या लहान वयात एक अख्खी कारकीर्द मागे टाकून नवशिका होण्याची वेळ या मुलांवर येते. त्यांच्याविषयी मला मनापासून आपुलकी वाटते. पण हंटची कहाणी सांगताना आपण पुन्हा आठवडेच मोजतो.

क्रिस्टॉफरसनच्या वाट्याला मोजण्यासारखं काही आलं ते उशिरा, आणि तेही आधी दुसऱ्यांच्या गळ्यातून. त्याने स्वतः गायलेलं गाणं कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं ते 1973 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. तेव्हा त्याला नॅशव्हिलमध्ये येऊन आठ वर्षं झाली होती. त्यातली पहिली चार-पाच वर्षं, फारसा काही निकाल हाती नसताना, तो लिहीत राहिला. त्याच्या चाहत्यांनी त्या वर्षांबद्दल जास्त बोलायला हवं.