रजिस्टर भरलंत, बाईला तपासलंत का?

मुलींनो, वह्या बंद करा आणि इकडे बघा. उपकेंद्राचं हे रजिस्टर तुमच्यापैकीच एकीने भरलंय. ‘वय ५२, पाळी जाऊन चार वर्षं, पुन्हा डाग दिसतात. लोहाच्या गोळ्या दिल्या.’ झालं? पाळी गेल्यावर अंगावरून रक्ताचा डाग जरी गेला, तरी तपासल्याशिवाय सोडायचं नसतं. मग ही बाई घरी गेलीच कशी? उद्या सकाळी तिच्या घरी जा आणि तिला घेऊन जिल्हा रुग्णालय गाठा.

पुढच्या पानावर ‘पांढरं जातं, नेहमीचंच’. घाण वास येतो का, त्यात रक्त असतं का, संबंधानंतर रक्त जातं का? एकही प्रश्न विचारलेला नाही. म्हणे लाज वाटते! बाई लाजेल, तिचं चालेल. तुमचं चालणार नाही. सासूला बाहेर बसवा आणि सरळ विचारा. कंबर सतत दुखायला लागेपर्यंत, पाय सुजेपर्यंत थांबलात, तर तोवर गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुधा आजूबाजूला पसरलेला असतो.

आणि तक्रार नाही म्हणजे रोग नाही, हे कोणी शिकवलं तुम्हाला? एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग टिकून राहिला तर त्यातून हा कॅन्सर व्हायला बहुधा १० ते १५ वर्षं जातात. इतका अवधी मिळूनही आपण तो वाया घालवतो, याचा मला संताप येतो. तपासणी तर साधी आहे: गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उठतो का ते बघायचं. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना हे चार आठवड्यांत शिकवलं आणि तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत तर एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुम्ही तर नर्सिंग शिकताय!

डोळ्यांना गाठ दिसली तर चट्टा शोधत बसू नका, बायोप्सीला पाठवा. कोणी ‘पिशवी काढून टाका’ सांगितलं असेल, तर आधी गर्भाशयमुखाची तपासणी झाली का ते विचारा. आत कॅन्सर असताना नुसती पिशवी काढली, की पुढचे उपचार अवघड होऊन बसतात.

चिठ्ठी दिली की काम संपलं, असं समजू नका. बाई पोचली का, अहवाल आला का, बसभाड्याला पैसे नाहीत म्हणून शेक घेणं मध्येच सुटलं का, हे तुम्हीच बघायचं. किरणोपचार अर्धवट राहिले, तर बरी होऊ शकणारी बाई हातची जाते. ज्या केसबुकात पाठपुराव्याच्या तारखा नसतील, त्यावर माझी सही मिळणार नाही.