टोब्याला भूक लागली

अंबरनाथ (पश्चिम)

चि. सौ. भाचीबाईस,


पार्सल पोचल्याचं कळलं. मेतकुटाची पिशवी फुटली नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण स्टेशनचा जिना अजून चढते.

रविवारच्या फोनवरची एक गोष्ट मनातून जात नाही. तुझं पिल्लू मला सांगत होतं, ‘आजी, मी चित्र करलं.’ तू आतून ओरडलीस, ‘करलं नाही रे, केलं!’ तो गप्पच झाला आणि पुढचं सगळं बाबाशी जर्मनमध्ये. रागवत नाहीये गं. दिवसभराचं ऑफिस, पाळणाघर, वर ती थंडी, सगळं कळतं मला. पण त्याच्या ‘करलं’मागे हिशेब आहे बघ. बसलं, पडलं, हसलं हे ऐकून त्याने मागचं ‘लं’ सुटं केलं आणि ‘कर’ला लावलं. ‘कर’चं ‘केलं’ आणि ‘मर’चं ‘मेलं’ का होतं, हे त्याला कुणी सांगितलंय? ‘करलं’ त्याने तुमच्यापैकी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, स्वतः बनवलंय. उद्या तोच ‘केलं’ म्हणेल, मात्र तोवर त्याने मराठीत बोलत राहायला हवं.

मुलांचा असाच हिशेब तपासायला 1958 साली अमेरिकेत जीन बर्को नावाच्या बाईंनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याचं नाव सांगितलं ‘वग’. मग तसेच दोन दाखवले. बहुतेक मुलं बेधडक ‘वग्ज’ म्हणाली! जन्मात न ऐकलेल्या शब्दाला त्यांनी अनेकवचनाचा प्रत्यय बरोबर लावला. मास्तरकी सुटली तरी माझी खोड कुठे सुटते? मागे एकदा तू फोन त्याच्या हातात देऊन गेलीस, तेव्हा मी मोज्याचा बाहुला केला आणि म्हटलं, ‘हा टोबा. आता भूक कुणाला लागली?’ पठ्ठ्या म्हणतो, ‘टोब्याला!’ टोबाला नाही हं, टोब्याला. घोडा-घोड्याला, डबा-डब्यात हे त्याच्या कानात मुरलंय. मोरो केशव दामल्यांचं 1911 चं जाडजूड व्याकरण न उघडता त्याला सामान्यरूप येतं.

तुमच्या जर्मनमध्येही शब्द जोडताना असा बदल होतो, तूच मला सांगितलंस. आर्बाइट म्हणजे काम, त्सिमर म्हणजे खोली, पण जोडताना मध्ये एक ‘स’ येतो, आर्बाइट्सत्सिमर. तो ‘स’ स्वतः काही सांगत नाही, नुसता सांधा आहे. काका विमकोच्या काडेपेट्यांच्या कारखान्यात होते तेव्हा आपल्या घरात काडेपेट्यांना तोटा नव्हता. त्या शब्दातही बघ, काडी आणि पेटी जोडताना ‘काडी’ची ‘काडे’ होते. तिकडे काडेपेटीला श्ट्राइखहोल्त्सशाख्टेल म्हणतात ना? घासायचं लाकूड आणि त्याची पेटी. पिल्लाला हे फोडून दाखव, मग हातमोजा दाखव, कारण जर्मन लोक त्याला हाताचा बूट म्हणतात. खूप हसेल तो.

मला भीती आहे ती हे सांधे हरवण्याचीच. शेजारच्या सिंधी भाभींचं माहेर उल्हासनगरचं. फाळणीनंतर त्यांचे आईवडील कल्याण कॅम्पात उतरले. लष्कराच्या त्या छावणीचंच 1949 साली उल्हासनगर झालं. भाभी त्यांच्या आईशी बोलताना ‘चयोमांस’ म्हणायच्या. म्हणजे ‘मी त्याला म्हटलं’. त्यात ‘मी’ आणि ‘त्याला’ दोन्ही क्रियापदालाच चिकटलेले. नातवंडांना सिंधी समजतं, मासा, भाजी, पापड सगळ्यांची नावं येतात, पण बोलतात हिंदीत, आणि हे असलं रूप त्यांच्या तोंडी येत नाही.

म्हणून सांगते, त्याला अडवू नकोस. ‘पाणीत’ म्हणाला तर ‘हो का, पाण्यात पडलं?’ असं उत्तरातच बरोबर रूप देऊन पुढे जा. आणि तू स्वतः मेसेजमध्ये ‘आजी ला’, ‘घर मध्ये’ असं तोडून लिहितेस ना, ते सोड. फोन सुचवतो म्हणून काय झालं? ‘आजीला’, ‘घरामध्ये’. तो वाचायला लागेल तेव्हा तुझंच बघून शिकणार.

सगळंच नियमात बसत नाही, हेही त्याला हळूहळू कळेल. गाव असेल तर आपण ‘अंबरनाथला’ जातो. देव असेल तर ‘अंबरनाथाला’ बेल वाहतो. तसंच शेजारच्या रामला हाक मारतो आणि देवळातल्या रामाला नमस्कार करतो. महाशिवरात्रीला पूर्वेला त्याच अंबरनाथाच्या देवळात जाऊन आले. शिलाहारांच्या वेळचा, शके 982 चा, म्हणजे 1060 चा शिलालेख तिथला, पण गर्दीत कोण बघतंय! सव्वा तास रांगेत उभी होते, वरून ऊन.

काकांनी जमवलेल्या काडेपेट्यांच्या चित्रांचा खोका माळ्यावर सापडलाय. पोस्टाने पाठवणार नाही, पिल्लाने इथे बसून बघायचा. मे महिन्यात येऊ नका, उकाड्याने हैराण होईल पोर. डिसेंबरचं जमवा आणि तिकिटं आत्ताच काढा, मागच्या वेळी किती महाग पडली होती.

तुझी,
मावशी