हातावरचं नाव

आजचा श्लोक गीता २.२२. शरीर म्हणजे वस्त्र, जुनं झालं की टाकायचं. मग टाकायच्या कपड्यावर देवाचं नाव कशाला? गेल्या आठवड्यात मनगटावर ‘विठ्ठल’ टॅटू काढून घेतल्यापासून मला हाच प्रश्न छळतोय.

जुन्या बायका म्हणत, मेल्यावर सोबत येतं ते फक्त गोंदण. श्लोकाला हे पटणार नाही. शाई त्वचेच्या आतल्या थरात बसते, म्हणून वरची कातडी गळली तरी नाव राहतं, पण चितेपर्यंतच. सध्या खपली धरलीय, भयंकर खाज येते आणि खाजवायचं नाही. तेवढ्यापुरतं नामस्मरण आपोआप होतं म्हणा!

छत्तीसगडच्या रामनामी समाजाने मात्र याच नाशवंत वस्त्रावर भरवसा ठेवला. १९व्या शतकाच्या शेवटी, देवळात प्रवेश मिळत नसताना, त्यांनी अंगावर ‘राम’ गोंदवून घेतला. तिथून कोण हाकलणार? पण नाव गोंदवलं की दारू बंद आणि रोज रामनाम. हे वाचल्यापासून फोटोवरचे लाईक्स फिके वाटतायत. वस्त्र टाकायचंच आहे, पण अंगात आहे तोवर त्या हाताने काय उचलायचं, हे आपल्यालाच ठरवायचंय ना?

शनिवारच्या पार्टीला येतो म्हणून कळवलंय. ग्रुपवर एवढंच लिहिलं, माझ्यासाठी कोकम सरबत सांगा.