भिंत कोणाची?

भिंत कोणाच्या मालकीची आहे, हे सातबाराचा उतारा सांगतो. आमची उभी हयात असे उतारे तपासण्यात गेली. त्यामुळे या प्रश्नाला दुसरे काही उत्तर असू शकेल, असे नोकरीत असेपर्यंत आम्हांस वाटले नाही. निवृत्तीनंतर इच्छापोरला स्थिरावलो. हजिऱ्याच्या रस्त्याने जाणाऱ्या ट्रकांच्या पाठीवरची रंगीत अक्षरे वाचणे, हा सकाळच्या फेरीतला विरंगुळा झाला. त्या अक्षरांनीच एक जुना सल पुन्हा जागा केला.

हनीफ कुरेशी हे नाव आपल्या वाचकांपैकी काहींच्याच परिचयाचे असेल. भावनगर जिल्ह्यातील तळाजा हे त्यांचे गाव. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचे त्यांना बालपणापासून आकर्षण. पुढे ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला शिकले, जाहिरात क्षेत्रात डिझायनर झाले आणि दिल्लीच्या भिंतींकडे वळले. भारतात ग्राफिटी रुजवणाऱ्या पहिल्या पिढीतले ते एक. २२ सप्टेंबर २०२४ रोजी गोव्यात, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

ग्राफिटी म्हणजे मुळात दुसऱ्याच्या भिंतीवर, न विचारता, बहुधा रात्री केलेले लेखन. कायद्याच्या दृष्टीने हे विद्रूपीकरण. परंतु २०१४ साली कुरेशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्टार्ट इंडिया’ ही संस्था उभारली आणि भिंती रीतसर मागून घेण्याचा मार्ग धरला. त्याच वर्षी दिल्ली पोलिसांच्या तेव्हाच्या मुख्यालयावर महात्मा गांधींचे भव्य चित्र साकारले. भिंती रंगवणाऱ्यांना पकडणाऱ्या खात्यानेच आपली भिंत पुढे केली! २०१५ पासून लोधी कॉलनी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीतील भिंती रंगू लागल्या. मुंबईत वांद्र्याला दादासाहेब फाळके यांचे प्रचंड चित्र रणजित दहिया यांनी रंगवले, तेही याच उपक्रमात. फाळके बडोद्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी, आणि त्या कलाभवनाच्या उभारणीत आपल्या सुरतेच्या त्रिभुवनदास गज्जरांचा वाटा मोठा. गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना हा धागा निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मग परवानगी मिळाली की तीच कृती नीतीची होते काय? रंग तोच, हात तोच. फरक एका कागदाचा. आमच्यातला अधिकारी म्हणतो, तो कागदच सर्व काही आहे. रात्री कोणी आमच्या फाटकावर चित्र काढून गेला, तर आम्ही रागावू, आणि तो राग रास्तच असेल. ज्याला रोज त्या घरात राहायचे आहे, त्याला विचारलेच पाहिजे.

तथापि, कागद पुरेसा असतो काय, याबद्दल आम्हांस आता शंका आहे. कारण एका निवडणुकीत आमच्या हातीही कागद होता. आचारसंहिता लागू झालेली. भिंतींवरील राजकीय मजकूर मुदतीत पुसायचा होता. आमच्या माणसांनी घाईत एका शाळेच्या कुंपणभिंतीवरची सुवचनेही चुन्याने झाकून टाकली. दुसऱ्या दिवशी ती लिहिणारे वृद्ध पेंटर कचेरीत आले. तक्रार केली नाही, एवढेच विचारले, “साहेब, यांत कोणत्या पक्षाचे नाव होते?” आम्ही त्यांना आदेश दाखवला. ते वाचून, नमस्कार करून निघून गेले. त्यांचे नाव आम्ही विचारले नाही. भिंतीवरही ते नव्हते.

म्हणूनच कुरेशींच्या कार्यातील सर्वांत मोलाचा भाग आम्हांस त्या उंच चित्रांत दिसत नाही. संगणकावर छापलेल्या फ्लेक्सने पाट्या रंगवणाऱ्यांचा धंदा बसवला, तेव्हा त्यांनी ठिकठिकाणच्या पेंटरांकडून अक्षरांची वळणे लिहवून घेतली, त्यांचे संगणकीय टंक केले आणि त्या टंकांना त्या त्या पेंटरांची नावे दिली. विक्रीतला वाटाही पेंटरांना देण्याची योजना होती. अनाम हाताला नाव आणि मोबदला देणे, हे भिंतीची परवानगी मिळवण्याहून थोर कर्म आहे.

भिंतीचा मालक एक असतो. पण तिच्यावर राबणारा आणि तिच्याकडे पाहत लहानाचा मोठा होणारा, यांचेही तिच्याशी नाते असते. रंगवण्यास जशी अनुमती लागते, तसे पुसण्यासही कारण लागते, आणि ते कारण केवळ आदेशात शोधून भागत नाही. आदेश आमचा बचाव करतो. त्या वृद्धाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

ती कुंपणभिंत आता पाडली आहे, असे कळते. सकाळी ट्रकामागचे एखादे वळणदार अक्षर दिसले की आम्ही त्याच्या कोपऱ्यात पेंटरचे नाव शोधतो. असले तर ते मोठ्याने वाचतो.